स्टँडबाय आहे, पण लॉग कोण जपतंय?

२०२३ च्या ऑगस्टअखेर टोयोटाचे जपानमधले चौदा कारखाने थांबले. सायबर हल्ला झाला नव्हता, संपही नव्हता. सुट्या भागांच्या ऑर्डरी हाताळणाऱ्या सर्व्हरवर देखभालीचं काम चालू होतं. डेटाबेसमधला साठलेला डेटा आवरताना डिस्कवरची जागा संपली आणि सगळं ठप्प झालं. हे सर्व्हर एकाच यंत्रणेवर चालत होते, त्यामुळे पर्यायी व्यवस्थाही त्याच कारणाने पडली आणि काम तिकडे वळवता आलं नाही, असं कंपनीने नंतर खुलाशात सांगितलं. जगातल्या सर्वांत शिस्तबद्ध म्हणवणाऱ्या उत्पादन व्यवस्थेत हे घडलं. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ही बातमी जेवढ्या गांभीर्याने वाचायला हवी होती, तेवढी वाचली गेली नाही असं मला वाटतं.

या पट्ट्याचं काम कसं चालतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पिंपरीला टाटा मोटर्स. चाकणला बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र. आणि या सगळ्यांना माल पुरवणारे भोसरी, तळवडे, कुरुळी, महाळुंगे, खराबवाडी इथले लहानमोठे कारखाने. पूर्वी माल आणि चलन सोबत जायचं. आता ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, बारकोड, बॅच आणि हीट नंबर (धातूच्या एका ओतीचा क्रमांक) हे सगळं डेटाबेसमधून निघाल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही. सर्व्हर बंद म्हणजे डिस्पॅच बंद, आणि डिस्पॅच बंद म्हणजे ग्राहकाची लाइन थांबण्याची भीती. म्हणून बऱ्याच मध्यम कारखान्यांनी एकाच्या जागी दोन सर्व्हर घेतले आहेत. एक चालू, म्हणजे प्रायमरी. दुसरा त्याच्या पाठोपाठ तीच नोंद करत राहणारा, म्हणजे स्टँडबाय. ही चांगली गोष्ट झाली. पण यातून एक खोटी निश्चिंती आली आहे: ‘दोन सर्व्हर आहेत, आता काळजी नाही.’ काळजी आहे, आणि ती व्यवहारांच्या लॉगची आहे. तो लॉग कोण जपतं, कुठे, किती दिवस, आणि प्रायमरी पडून स्टँडबाय पुढे आला की ते काम कोणाकडे जातं?

आधी मूळ कल्पना. जुन्या पेढीवर आधी रोजमेळात नोंद व्हायची आणि मग ती खतावणीत चढायची. डेटाबेसचंही तसंच आहे. कोणताही बदल मूळ तक्त्यात पक्का होण्याआधी लॉगमध्ये लिहिला जातो. १९९२ मध्ये आयबीएममधले सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एरीज’ ही पद्धत सविस्तर मांडली, आणि पुढे कितीतरी डेटाबेसनी या ना त्या रूपात तोच मार्ग धरला. ओरॅकलमध्ये या लॉगला रीडू लॉग म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रॅन्झॅक्शन लॉग, मायएसक्यूएलमध्ये प्रतिकृतीसाठी बिनलॉग, पोस्टग्रेसमध्ये वॉल. सर्व्हर हा लॉग कायमचा ठेवत नाही, काम झालं की त्याच जागेवर नवं लिहितो. वापरलेला लॉग पुसला जाण्याआधी दुसरीकडे नीट उचलून ठेवणं म्हणजे आर्काइव्ह. जुना पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचा सलग लॉग हाताशी असेल, तर डेटाबेस मधल्या कोणत्याही क्षणापर्यंत पुन्हा उभा करता येतो. ‘काल दुपारी ४ वाजून ३८ मिनिटांनी होता तसा’ असं सांगता येतं. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००५ पासून आहे, ओरॅकलमध्ये त्याच्याही कितीतरी आधीपासून.

स्टँडबाय हे करू शकत नाही. समजा, दर बदलण्याची क्वेरी चालवताना कोणी अट लिहायला विसरलं आणि सगळ्या पार्टचे दर एकच झाले. स्टँडबाय ती चूक सेकंदभरात इमानाने उतरवून घेईल. त्याचं कामच ते आहे. यंत्र बिघडलं तर स्टँडबाय तारतो, माणूस चुकला तर तारत नाही. आणि माझ्या अंदाजाने कारखान्यात डेटा जातो तो यंत्रापेक्षा माणसाच्या हातून अधिक वेळा. पोस्टग्रेसमध्ये स्टँडबायला मुद्दाम चार-सहा तास मागे ठेवायची सोय २०१४ पासून आहे, पण ती चूक त्या चार-सहा तासांत लक्षात आली तरच उपयोगी.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत जे झालं, ते या विषयावरचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. स्टँडबाय मागे पडला होता, कारण त्याला हवा असलेला लॉग प्रायमरीने आधीच पुसला होता. आर्काइव्ह ठेवलेला नव्हता. स्टँडबाय नव्याने उभा करण्याच्या खटपटीत एका अभियंत्याने चुकून प्रायमरीवरचाच डेटा पुसला. रोजचा बॅकअप कित्येक दिवस बनतच नव्हता, कारण बॅकअपचं साधन एका आवृत्तीचं आणि डेटाबेस दुसऱ्या आवृत्तीचा होता. शेवटी सुमारे सहा तास जुन्या स्नॅपशॉटवरून डेटाबेस उभा केला आणि मधले सहा तास गेले. कंपनीने सगळं उघडपणे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला शिकता येतं. आर्काइव्ह असता तर मागे पडलेला स्टँडबाय त्यातून स्वतःच पुढे आला असता, आणि ती जोखमीची खटपट करायची वेळच आली नसती.

भोसरीतल्या कारखान्याचे असे सहा तास गेले तर? इथे गोष्ट आणखी अवघड होते, कारण आपला डेटाबेस मागे नेता येतो, सरकारचा नाही. पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. म्हणजे या पट्ट्यातले बरेचसे पुरवठादार त्यात आले. प्रत्येक बिलाला पोर्टलवरून मिळणारा आयआरएन हा पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिलाचा प्रकार, क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांच्यापासून बनतो. समजा, दुपारी बारा ते सहा या वेळात ऐंशी बिलं निघाली, माल चाकणला पोचला आणि रात्री आपला डेटाबेस बाराच्या स्थितीला गेला. आता आपल्या संगणकाला वाटतं की पुढचं बिल शंभराव्या क्रमांकाचं. पोर्टल म्हणतं, हा क्रमांक नोंदला गेलाय. रद्द करायची मुदत २४ तासांची, आणि माल तर ग्राहकाने उतरवूनही घेतलेला. मग कागदी चलनं, गेटवरच्या नोंदी आणि पोर्टलवरची बिलं समोर ठेवून लेखा विभागाने ती ऐंशी बिलं एकेक करून पुन्हा भरायची. बिलं तरी मिळतील. त्या सहा तासांतल्या तपासणीच्या नोंदी, कोणत्या हीटमधला माल कोणत्या पेटीत गेला, हे कुठून आणणार? उद्या रिकॉल निघाला की प्रश्न येतो तो नेमका त्याच पेटीचा.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ: आर्काइव्ह करायचं कोणी, प्रायमरीने, स्टँडबायने की दोघांनी? प्रत्येक डेटाबेसचं उत्तर वेगळं आहे, आणि गोंधळ तिथेच होतो.

एसक्यूएल सर्व्हर या पट्ट्यात ठिकठिकाणी दिसतो. तिथे ऑलवेज ऑन ही व्यवस्था असेल तर लॉग बॅकअप कोणत्याही सर्व्हरवरून घेता येतो, आणि तो सगळा मिळून एकच साखळी बनतो. सोयीचं आहे, पण धोकाही त्यातच आहे. सोमवारचा लॉग एका सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर, मंगळवारी काम दुसरीकडे वळलं म्हणून मंगळवारचा दुसऱ्याच्या डी ड्राइव्हवर. रिस्टोरच्या वेळी साखळीतली एक कडी बंद पडलेल्या सर्व्हरमध्येच अडकलेली असते. उपाय साधा आहे: दोन्हींचे लॉग तिसऱ्या सामाईक जागी जायला हवेत. मात्र आधी रिकव्हरी मॉडेल ‘सिंपल’ तर ठेवलेलं नाही ना, हे पाहावं, कारण ‘सिंपल’वर लॉग बॅकअप निघतच नाही.

ओरॅकलमध्ये स्टँडबायही आपल्यापुरता आर्काइव्ह ठेवतो. तिथली नेहमीची अडचण जागेची. आर्काइव्हची जागा भरली की डेटाबेस नवे व्यवहार थांबवून बसतो, आणि मध्यरात्री फोन येतो. जागा मोकळी करण्यासाठी घाईने फाइली पुसल्या आणि त्यातली एखादी स्टँडबायपर्यंत पोचलीच नव्हती, तर स्टँडबायही गेला. ‘सगळ्या स्टँडबायवर लागू झाल्याशिवाय पुसू नये’ असा नियम आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनात लावता येतो. तो लावलेला आहे का, एवढं पाहिलं तरी अर्धं संकट टळतं.

एसएपी हाना वापरणाऱ्या मोठ्या कारखान्यांत लॉग बॅकअप आपोआप होतो, मुळात दर पंधरा मिनिटांनी. पण पहिला पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय लॉग जपणं सुरू होत नाही. लॉग बॅकअप प्रायमरी करते, टेकओव्हर झाला की नवी प्रायमरी ते काम उचलते. मायएसक्यूएलमध्ये प्रतिकृतीचा बिनलॉग हा तिचा स्वतःचा असतो, फाइलींची नावं आणि जागा मूळ सर्व्हरशी जुळत नाहीत. म्हणून जीटीआयडी, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला दोन्हीकडे सारखाच राहणारा क्रमांक, चालू न ठेवता दोघांचे बिनलॉग एकत्र लावायला गेलं की डोकं फिरतं.

पोस्टग्रेसवर थोडं थांबतो. परवान्याचा खर्च नाही म्हणून नव्या ईआरपींत तो अधिकाधिक दिसू लागलाय, आणि त्यावर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीचं मोठं कार्यालय पुण्यातच असल्याने जाणकार माणूसही मिळतो. यात लॉग साधारणपणे १६ एमबीच्या तुकड्यांत असतो. तुकडा भरला की आपण दिलेली आर्काइव्ह कमांड चालते. तिने ‘झालं’ असा निरोप दिला की सर्व्हर तो तुकडा पुन्हा वापरायला मोकळा. आर्काइव्ह मोड नुसता ‘ऑन’ असेल, तर स्टँडबाय स्टँडबाय असेपर्यंत काहीही आर्काइव्ह करत नाही, बढती मिळाल्यावर करू लागतो. २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून ‘ऑलवेज’ हा पर्याय आला. तो लावला की स्टँडबायही आलेला प्रत्येक तुकडा आर्काइव्ह करतो.

‘ऑलवेज’ लावला आणि झोपलो, असं मात्र होत नाही. बहुतेकांच्या आर्काइव्ह कमांडचा सांगावा असा असतो: त्या नावाची फाइल आधीच तिथे असेल तर नापास व्हा, नसेल तरच कॉपी करा. एका सर्व्हरपुरतं हे शहाणपणाचं, कारण जुन्या फाइलवर नवी चढू नये. पण दोन्ही सर्व्हर एकाच फोल्डरमध्ये लिहीत असतील तर प्रायमरी आधी पोचते. स्टँडबाय येतो, फाइल पाहतो, नापास होतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा नापास. त्याच्या लॉगचा ढीग वाढत जातो आणि एके दिवशी त्याची डिस्क भरते. ज्याला संकटासाठी ठेवला, तोच आधी पडला. पोस्टग्रेसचं अधिकृत मार्गदर्शन असं की फाइल आधीच असेल तर दोन्हींची तुलना करावी, मजकूर तंतोतंत सारखा असेल तर ‘झालं’ म्हणावं, वेगळा असेल तरच अडवावं. वीज जाऊन प्रायमरी मधेच पडली तर एकट्या सर्व्हरलाही ही तुलना लागते, कारण पुन्हा उठल्यावर तो आधी पाठवलेलाच तुकडा परत पाठवू शकतो. पीजीबॅकरेस्ट हे प्रचलित साधन तर एक पाऊल पुढे जाऊन ‘ऑलवेज’ मुळातच नाकारतं. त्यांचं म्हणणं, स्टँडबायकडून आलेला तुकडा तार्किकदृष्ट्या तोच असूनही त्याचा चेकसम वेगळा येऊ शकतो, तेव्हा एका साठ्यात दोन ठिकाणांहून भर नको.

दोन्ही बाजू विचारात घेऊन माझं मत असं झालंय: एक साठा आणि लिहिणारे दोन, ही रचना टाळावी. समजा, प्रायमरी भोसरीला आणि स्टँडबाय चाकणच्या शेडमध्ये आहे. मग भोसरीतल्या प्रायमरीने भोसरीतल्या साठ्यात लिहावं. चाकणच्या शेडमधल्या स्टँडबायने ‘ऑलवेज’ लावून चाकणच्या स्वतंत्र साठ्यात लिहावं. जागा दुप्पट लागेल, पण आजच्या डिस्कच्या किमतीत हा खर्च एका चुकलेल्या डिस्पॅचहून कमीच. फायदा असा की प्रायमरी पडून स्टँडबाय पुढे आला, तरी चाकणचा साठा सलग राहतो. बढतीच्या क्षणी टाइमलाइन, म्हणजे लॉगच्या साखळीचा फाटा, बदलते, नव्या तुकड्यांच्या नावाचा पहिला भाग बदलतो, आणि जुन्या टाइमलाइनचा अर्धवट तुकडा ‘पार्शल’ अशी शेपटी लावून ठेवला जातो, म्हणजे पूर्ण तुकड्याशी त्याची गल्लत होत नाही. त्याच वेळी एक छोटी हिस्टरी फाइलही बनते. साठा साफ करणारा ती किरकोळ समजून पुसतो, आणि मग रिस्टोरला कोणत्या फाट्यावर वळायचं तेच कळत नाही.

तिसरी वाट म्हणजे कमांडवर न विसंबता लॉग ओढून घेणारा वेगळा कार्यक्रम, पीजी रिसीव्हवॉल. तुकडा भरायची वाट न पाहता तो नोंदी घेत राहतो. बारमन हे साधनही ही सोय वापरू शकतं. मात्र हा कार्यक्रम ज्या रेप्लिकेशन स्लॉटवर (लॉग कुठपर्यंत पोचला याची प्रायमरीवरची खूण) टेकलेला असतो, तो स्लॉट जुन्या प्रायमरीवरच राहतो. बढतीनंतर नव्या प्रायमरीवर तो आपण बनवावा लागतो. आणि घेणारा बंद पडला तर स्लॉटपायी प्रायमरीवर लॉग साचत जातो. २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून त्याला मर्यादा घालता येते, पण मुळात ती घातलेली नसते.

आता या पट्ट्याची खास गोष्ट, गुरुवार. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी भागात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि वीजवाहिन्यांच्या देखभालीची कामंही शक्यतो त्याच दिवशी निघतात. बुधवारी रात्रपाळीच्या शेवटच्या नोंदी झाल्या. चालू तुकडा १६ एमबीपैकी सहाच भरलाय. नवा व्यवहार नाही, म्हणून तुकडा भरत नाही. भरत नाही म्हणून आर्काइव्हला जात नाही. गुरुवारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली, शुक्रवारी सकाळी डिस्क उठली नाही. आर्काइव्ह नियमित चालू असूनही बुधवार रात्रीचं डिस्पॅच त्यात नाही. यावर आर्काइव्ह टाइमआउट ही सेटिंग आहे, आणि ती मुळात बंद असते. ती पाच मिनिटांवर ठेवली तर सतत काम चालू असताना दिवसाला २८८ तुकडे, म्हणजे सुमारे ४.६ जीबी. एका मिनिटावर ठेवली तर १,४४० तुकडे, साधारण २३ जीबी. अर्धे रिकामे तुकडे दाबून खूप लहान होतात, तेव्हा या आकड्यांनी दबकून जायचं कारण नाही. चाकणला स्टँडबाय सतत जोडलेला असेल तर त्या नोंदी तिथे पोचलेल्या असतात, पण मधली लाइन त्या रात्री चालू होती का, याचं उत्तर कोणाजवळ तरी हवं.

विजेचाच दुसरा फटका अधिक लपलेला आहे. साध्या कॉपी कमांडने फाइल लिहिली की ती लगेच डिस्कवर पक्की होतेच असं नाही, काही काळ ती मेमरीत असू शकते. तेवढ्यात साठ्याच्या मशीनची वीज गेली तर फोल्डरमध्ये नाव दिसतं, आत शून्य किंवा अर्धवट मजकूर. पोस्टग्रेसला मात्र ‘झालं’ हा निरोप मिळालेला असतो, आणि मूळ तुकडा त्याने पुन्हा वापरलेला असतो. साखळीत भोक पडलं आणि ते कळणार रिस्टोरच्या दिवशी. लिहिल्यावर ‘सिंक’ करून मगच ‘झालं’ म्हणणारं साधन वापरणं, हा यावरचा खात्रीचा उपाय. हाताने लिहिलेली दोन ओळींची स्क्रिप्ट ही जबाबदारी घेऊ शकेल असं मला वाटत नाही.

साफसफाईनेही अनेक आर्काइव्ह गेले आहेत. पीजी आर्काइव्हक्लीनअप हे साधन स्टँडबायला नको असलेले तुकडे पुसतं. तोच साठा रिस्टोरसाठीही असेल, तर स्टँडबायला नको ते आपल्याला हवं असू शकतं. साठवलेल्या सर्वांत जुन्या पूर्ण बॅकअपपासूनचा लॉग शाबूत हवा, हा हिशेब. नुसता लॉग ठेवून त्याखालचा बॅकअप पुसला, तर उरलेल्या लॉगला आधार राहत नाही. सर्व्हरवरच्या चालू लॉगचंही तेच: पोस्टग्रेसने २०१७ मध्ये त्याच्या पीजी एक्सलॉग या फोल्डरचं नाव पीजी वॉल केलं, कारण किरकोळ लॉग समजून लोक ते रिकामं करत होते.

कायद्याची बाजू थोडक्यात. कंपनी असेल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा आहे, आणि पुस्तकं आठ वर्षं जपायची आहेत. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉगही बंधनकारक झाला. कोणी काय बदललं ते एडिट लॉग दाखवतो, डेटाबेस परत उभा करत नाही. भोसरीतल्या अनेक मालकी आणि भागीदारी कारखान्यांना कंपनी कायद्याचं हे बंधन नाही, जीएसटीच्या नोंदी जपण्याचं आहे. पण रोजच्या बॅकअपवर समाधान मानलं तर कायद्याचं भागेल, डिस्पॅचचं भागणार नाही. दिवसभराचं नुकसान टाळायचं ते मधल्या लॉगनेच.

जागेचा विचारही नीट व्हायला हवा. भोसरी आणि चाकण यांत नाशिक रस्त्याने जेमतेम वीस किलोमीटर. आग किंवा सर्व्हर खोलीत शिरलेलं पाणी यासाठी एवढं पुरे. पण तिसरी प्रत बाहेर हवी. क्लाउडवर टाकली म्हणजे दूर गेली असं समजू नये. मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग पुण्यातच आहे. तो वाईट नाही, फक्त तो आपल्याच गावात आहे हे माहीत असू द्यावं. आणि आर्काइव्हचं फोल्डर विंडोजच्या शेअरवर, त्याच ॲडमिन पासवर्डने उघडणारं असेल, तर रॅन्समवेअर मूळ डेटासोबत तेही कुलूपबंद करतं. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर कोजिमा इंडस्ट्रीज या एका पुरवठादारावर असा हल्ला झाला आणि टोयोटाचे जपानमधले चौदा कारखाने तेव्हाही एक दिवस थांबले. पुरवठादाराचा सर्व्हर म्हणजे ग्राहकाचीच लाइन, हे चाकणला वेगळं सांगायची गरज नाही. म्हणून निदान एक साठा असा हवा, जिथे सर्व्हर नवी फाइल टाकू शकतो पण जुनी बदलू किंवा पुसू शकत नाही.

या सगळ्याची परीक्षा एकच: प्रत्यक्ष रिस्टोर. त्यासाठी गुरुवारइतका चांगला दिवस नाही. एक रिकामं मशीन घ्यावं, चाकणच्या साठ्यातून मागच्या रविवारचा बॅकअप उतरवावा, त्यावर लॉग लावत बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत यावं, आणि त्या दिवसाचं शेवटचं बिल पोर्टलवरच्या बिलाशी जुळतंय का पाहावं. किती वेळ लागला ते लिहून ठेवावं. पुढच्या वेळी हेच स्टँडबायला मुद्दाम बढती देऊन, टाइमलाइन बदलल्यावर करावं. बहुतेक चुका तिथेच उघड होतात.

बहुतेक लहान कारखान्यांत हे काम बाहेरच्या व्हेंडरकडे, वार्षिक कराराने असतं, आणि करारात ‘बॅकअप घेणे’ एवढेच दोन शब्द असतात. त्याऐवजी चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: दोन्ही सर्व्हरचा शेवटचा यशस्वी आर्काइव्ह तुकडा कोणता आणि किती वाजताचा, हे रोज कळवायचं, आर्काइव्ह अर्ध्या तासाहून अधिक अडला तर फोन करायचा, बढतीनंतर आर्काइव्हची जबाबदारी कोणाची, ते नावानिशी, आणि दर तिमाहीला मालकासमोर किंवा प्लांट हेडसमोर रिस्टोर करून दाखवायचं, त्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही.